चौकोनी कंसातला आकडा की गोल कंसातलं नाव-साल?

तांत्रिक पुस्तकांत संदर्भ देण्याच्या दोन पद्धती सर्रास दिसतात. वाक्याच्या शेवटी [१४] असा आकडा असेल तर ती क्रमांक पद्धत. अभियांत्रिकीतली आयईईई शैली याच प्रकारची. मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने ते सूचीत लागतात. (जोशी, २०१५) असं आडनाव आणि साल असेल तर ती लेखक-वर्ष पद्धत. हार्वर्ड आणि एपीए शैली या गटातल्या, आणि त्यांची सूची आडनावांच्या वर्णानुक्रमाने लागते. पानावर फरक कंसाएवढाच दिसतो, पण वाचणाऱ्याला मिळणारी माहिती फार वेगळी असते.

एकच विधान दोन्ही पद्धतींनी लिहून पाहा. (‘एम’पुढचा आकडा जितका मोठा, तितकं काँक्रीट मजबूत.) ‘प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम १५ दर्जा चालतो [१४].’ हे वाचून विद्यार्थी पुढे सरकतो. ‘प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम १५ दर्जा चालतो (भारतीय मानक संस्था, १९७८).’ इथे तो थबकतो, कारण साल जुनं आहे. काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याच्या २००० सालच्या आवृत्तीने ही मर्यादा एम २० वर नेली. किनारी हवेला उघडं असलेलं काँक्रीट तर ही आवृत्ती ‘तीव्र’ वर्गात धरते: किमान एम ३० आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण. वरळी-माहीमच्या किनाऱ्यालगत काम करणाऱ्याला कालबाह्य आकडा ओळखता येणं अत्यावश्यक आहे, आणि ती खूण त्याला सालातून मिळते. म्हणून जिथे नियम आवृत्तीगणिक बदलतात, तिथे साल वाक्यातच दिसलं पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

क्रमांक पद्धतीचा आणखी एक प्रकार म्हणजे ओळीच्या वर चढवलेला बारीक आकडा. आकडेमोडीच्या पुस्तकात तो धोकादायक ठरतो. मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मी/से धरतात. त्याच्यापुढे दोन नंबरचा संदर्भ असा चढवला की ‘४४ मी/से²’ तयार होतं, म्हणजे वेगाचं त्वरण झालं. एककाला किंवा सूत्राला लागून संदर्भाचा आकडा कधीच चढवू नये. तो चौकोनी कंसात, वाक्य संपताना द्यावा. गोल कंस समीकरणांच्या क्रमांकांसाठी राखून ठेवावेत, नाहीतर ‘(१४) वरून’ म्हणजे समीकरण की संदर्भ, हे कळत नाही.

आपल्याकडे पुस्तकं बऱ्याचदा प्रकरणापुरती झेरॉक्स होऊन हातोहात फिरतात. सूची पुस्तकाच्या शेवटी असेल तर त्या झेरॉक्समधला [१४] निरुपयोगी होतो. नाव-साल असेल तर ग्रंथालयात निदान शोध घेता येतो. क्रमांक पद्धत वापरायचीच असेल तर प्रत्येक प्रकरणाची सूची त्याच प्रकरणाच्या शेवटी द्यावी.

तरीही क्रमांक पद्धतीला कमी लेखू नये. एका विधानाला पाच शोधनिबंधांचा आधार असेल तर [३]–[७] एवढ्यात भागतं. नाव-साल दिलं तर कंसच दीड ओळीचा होतो आणि वाक्याचा धागा तुटतो. आधार फक्त पडताळण्यापुरता असेल, कोणी आणि कधी म्हटलं याने अर्थ बदलत नसेल, तर आकडा उत्तम. मात्र हे आकडे हाताने टाइप करू नयेत. मध्ये एक संदर्भ वाढला की पुढचे सगळे सरकतात आणि चुकलेला आकडा मुद्रितशोधनात नजरेस पडत नाही. झोटेरो किंवा बिबटेक अशी संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर वापरली की क्रमांक आपोआप लागतात. लाटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्याच्या जागी [?] छापून आलं, तर संदर्भाची खूण चुकलेली असते किंवा बिबटेकनंतर लाटेक पुन्हा दोनदा चालवायचं राहिलेलं असतं.

लेखक-वर्ष पद्धतही बिनधोक नाही. मराठी सूचीत जोशी, कुलकर्णी, पाटील ढिगाने येतात. एकाच लेखकाची एकाच सालची दोन पुस्तकं असतील तर २०१५अ, २०१५ब करावं. लेखक वेगळे असतील तर आद्याक्षरं जोडावीत. मानकांच्या बाबतीत ‘भारतीय मानक ब्यूरो, २०००’ (ब्यूरो म्हणजे पूर्वीची भारतीय मानक संस्थाच) एवढ्यावरून कोणालाही काही उमगत नाही. साइटवर सगळे ‘आयएस ४५६’च म्हणतात. तेव्हा मानकाचा क्रमांक आणि कलम वाक्यातच घ्यावं: ‘आयएस ४५६ : २०००, कलम २६.४’. सर्वात फसवं म्हणजे पुनर्मुद्रणाचं साल. १९८० सालची आवृत्ती २०१२ मध्ये पुन्हा छापली आणि संदर्भात २०१२ घातलं, तर जुना मजकूर ताजा वाटतो. साल आवृत्तीचंच द्यावं.

मराठी पुस्तकात एक अडचण खास आपली. मजकुरात ‘टेलर, १९९९’ देवनागरीत येतं आणि सूचीत तेच नाव रोमन लिपीत, वेगळ्या भागात. वाचक ‘ट’खाली शोधतो आणि नोंद सापडत नाही म्हणून सोडून देतो. आकड्याला हा त्रास नाही. नाव-सालच हवं असेल तर सूची एकच ठेवावी, परभाषक लेखकाची नोंदही देवनागरी आडनावाने सुरू करावी आणि त्यापुढे मूळ लिपीतला पूर्ण तपशील द्यावा.