चिकाटी, विद्यार्थ्यांची

चिकाटी, विद्यार्थ्यांची : अपयश, कंटाळा किंवा आर्थिक ओढाताण सोसूनही हाती घेतलेला अभ्यासक्रम पुरा करण्याची वृत्ती. मानसशास्त्र तिला व्यक्तीचा गुण मानते. शिक्षणाचे समाजशास्त्र मात्र तिच्यात संस्थेचाही वाटा पाहते.

संकल्पनेच्या नावीन्याबद्दल मतभेद आहेत. थोर कर्तृत्वाला बुद्धीबरोबर उत्साह आणि कष्ट उपसण्याची ताकद लागते, असे फ्रान्सिस गॉल्टन याने १८६९ मध्येच मांडले होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'ग्रिट' या नावाने चिकाटी मोजणारी १२ विधानांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली व तीत प्रयत्नसातत्य आणि आवडीचे स्थैर्य असे दोन घटक वेगळे दाखवले. तथापि २०१७ मध्ये मार्कस क्रेडे व सहकाऱ्यांनी ८८ नमुन्यांवरील निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा हा गुण मानसशास्त्राला आधीपासून परिचित असलेल्या कर्तव्यदक्षता या व्यक्तिमत्त्वगुणाहून फारसा निराळा ठरला नाही आणि शैक्षणिक यशाशी त्याचा जो संबंध दिसला तो प्रामुख्याने प्रयत्नसातत्याचा होता. जुन्याच गुणाला नवे नाव मिळाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. 'हे मला जमेल' या विश्वासावर माणसाचे टिकून राहणे अवलंबून असते, हा अल्बर्ट बँड्युरा यांचा विचार (१९७७) त्या मानाने निर्विवाद राहिला आहे.

सामाजिक बाजूची मांडणी प्रथम विल्यम स्पेडी (१९७०) आणि नंतर व्हिन्सेंट टिंटो (१९७५) यांनी केली. दोघांनीही फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याच्या आत्महत्याविषयक विवेचनाचा (१८९७) आधार घेतला, हे काहीसे अनपेक्षित आहे : समाजाशी नाते तुटलेला माणूस जीवनापासून, तसा संस्थेत न रुजलेला विद्यार्थी शिक्षणापासून दुरावतो. ही मांडणी वसतिगृहात राहणाऱ्यांना अधिक लागू पडते. घरून ये-जा करणाऱ्यांच्या बाबतीत मैत्रीपेक्षा कुटुंब, पैसा आणि नोकरी यांचा प्रभाव अधिक असतो, असे जॉन बीन व बार्बरा मेट्झनर यांनी १९८५ मध्ये दाखवले.

अशा ये-जा करणाऱ्यांचे उदाहरण गोवा विद्यापीठात (स्थापना १९८५) दिसते. ताळगावच्या पठारावरील या विद्यापीठात काणकोण, सत्तरी वा पेडणे अशा दूरच्या तालुक्यांतून रोज येणाऱ्या विद्यार्थ्याला पणजीच्या कदंब बसस्थानकावर बस बदलावी लागते. प्रयोगशाळेतले काम लांबले, तर परतीची बस चुकू नये म्हणून ते अर्धवट टाकूनच तो निघतो. शासकीय प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाचे माध्यम साधारणपणे पाचवीपासून इंग्रजी होते. त्यामुळे उत्तर ठाऊक असूनही वर्गात गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या मौनाला अनास्था समजणे चुकीचे ठरू शकते.