देवरुषी, दवाखाना आणि कायदा : उपचार अडवले तर जबाबदार कोण

साप, विंचू, कुत्रं चावलेल्या किंवा आजारी पडलेल्या माणसाला दवाखान्यात न नेता नुसत्या मंत्र, अंगारा, उतारा, गंडादोरा यांवर ठेवलं आणि त्यात तो दगावला किंवा जन्माचा अधू झाला, तर कायद्यानं जबाबदारी कोणावर येते, किती येते आणि ती सिद्ध करायला काय लागतं, याची ही नोंद आहे. कायदा मुख्यतः महाराष्ट्रातला आणि उदाहरणं कोल्हापूर जिल्ह्यातली घेतली आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी की नवस बोलणं, जोतिबाला जाऊन गुलाल लावून येणं, नरसोबाच्या वाडीला पौर्णिमा करणं, पेशंटच्या उशाशी अंगारा ठेवणं यातलं काहीही गुन्हा नाही, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आयसीयूबाहेर बसलेल्या निम्म्या लोकांच्या खिशात अंगाऱ्याची पुडी असते आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. गुन्हा सुरू होतो तो उपचार अडवला जातो तिथून.

कोल्हापुरात हे कसं घडतं

पश्चिमेकडं शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी हा भाताचा आणि जंगलाचा पट्टा, पूर्वेकडं ऊसच ऊस. शेतीची लाईट रात्रपाळीला आली की माणूस बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणार, पाणी पाजणार, आणि सापही त्याच वेळी बाहेर असतो. पान लागलं, म्हणजे साप चावला, हे कळलं की अजूनही काही घरांत गाडी काढायच्या आधी देवरुष्याला फोन जातो. तो कडुलिंबाचा पाला चावायला देतो, कडू लागतंय का विचारतो, मिरची देतो, तिखट लागतंय का विचारतो आणि त्यावरून विष कुठवर चढलंय ते सांगतो, मग मंत्र, पाणी मारणं, कधी देवळात रात्रभर जागत बसवणं. घरचे अस्वस्थ झाले की ठरलेलं वाक्य येतं, "जरा दम धरा, उतरतंय, आता दवाखान्यात न्हेलासा तर मंत्र उलटंल."

बऱ्याच वेळा माणूस वाचतो हे खरं आहे, आणि सगळी अडचण तिथंच आहे. आपल्याकडं चावणारे कितीतरी साप बिनविषारी असतात, धामण, दिवड, कवड्या वगैरे, आणि नाग किंवा घोणस चावली तरी प्रत्येक वेळी विष आत सोडतेच असं नाही. म्हणजे ज्याला काही होणारच नव्हतं तो देवरुष्याच्या खात्यावर जमा होतो आणि पुढच्या वेळी खरंच विष भिनलेला माणूस त्याच विश्वासावर तिथं आणला जातो. मण्यारीचं तर फार वाईट असतं, ती रात्री झोपेत चावते, सूज नाही, फारशी आगही नाही, पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो, मग पापण्या जड होतात, जीभ जड होते, गिळता येत नाही आणि श्वास थांबतो. या काळात त्याला सर्पविषावरची लस आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर मिळाला तर तो वाचू शकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि १०८ ची ॲम्ब्युलन्सही फुकट आहे. त्यामुळं गेलेले दोन-चार तास कुठं गेले हा प्रश्न कोर्टातही सगळ्यात मोठा ठरतो.

विंचवाचं उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखं आहे. कोकणात लाल विंचवानं माणसं, विशेषतः लहान पोरं मरायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही गोळी वापरून मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं ते १ टक्क्याच्या जवळ आणलं. पूर्वी उपायच नव्हता तेव्हा लोक मांत्रिकाकडं गेले तर समजू शकतो, पण खात्रीचा उपाय हाताशी असताना कुणी अडवून धरलं तर कायदा त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा

डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात कायदा मंजूर झाला. दाभोलकरांच्या खुनानंतर दीड वर्षानं, फेब्रुवारी २०१५ मध्ये, कॉम्रेड गोविंद पानसरेंवर कोल्हापुरातच गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामुळं हा विषय इथल्या लोकांसाठी नुसता पुस्तकी नाही.

कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे, त्यात १२ कृत्यं आहेत आणि जे काही गुन्हा आहे ते त्या यादीतच असावं लागतं. आपल्या विषयाला थेट लागू होणारी नोंद नववी : कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर त्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून किंवा प्रतिबंध करून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे किंवा तसलेच उपचार करणं. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत, दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि चिथावणी देणाऱ्यालाही शिक्षा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीनं बांधून ठेवणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं हे पहिल्या नोंदीत येतं. माणूस मरायलाच हवा असं यात कुठंही नाही, वाचला तरी गुन्हा होतोच.

पण नववी नोंद नीट वाचली की दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे रोखणं आणि त्याऐवजी मंत्र करणं हे दोन्ही दाखवावं लागतं. हुशार देवरुषी आता हे ओळखून आहेत, "औषध बी चालू ठेवा, हे बी करा" असं चार लोकांसमोर म्हणतात आणि आतल्या खोलीत मात्र सुई टोचून घेऊ नका म्हणून सांगतात.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे, ती म्हणजे या नोंदीत फक्त तीन प्राणी आहेत. ताप नाही, न्युमोनिया नाही, कॅन्सर नाही, फिट नाही, कावीळ नाही. आणि कावीळ उतरवून घ्यायला जाणाऱ्यांत चांगली शिकलेली माणसंही असतात. पेशंटच्या हाताला चुना चोळायचा, आंब्याच्या सालीच्या रसाचं पाणी ओतायचं आणि खाली परातीत पिवळं पाणी पडलं की कावीळ निघाली. चुना आणि तो रस एकत्र आला की पाणी पिवळं होतंच, धडधाकट माणसाच्या हातावरून ओतलं तरी होतं. काविळीसाठी गळ्यात घालतात त्या माळेचंही तसंच, काड्यांना सैल गाठी मारलेल्या असतात, काड्या वाळतात, गाठी सरकतात, माळ लांब होत पोटापर्यंत येते आणि घरचे म्हणतात उतरली. साधी कावीळ आपोआप बरी होते त्यामुळं हे खपून जातं, पण पित्तनलिकेत खडा अडकलेला असेल, गाठ असेल किंवा गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ असेल तर त्या पंधरा दिवसांत जीव जातो. यावर नववी नोंद चालत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ती नोंद जीवाला धोका असलेल्या कुठल्याही आजारापर्यंत वाढवली पाहिजे.

मग काविळीला, तापाला काय लावायचं

इथं सर्वसाधारण फौजदारी कायदा येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्याआधीच्या घटनांना जुनी दंडसंहिता लागते. हयगयीनं मृत्यू घडवणं हे आता कलम १०६, शिक्षा ५ वर्षांपर्यंत (जुन्या ३०४-अ मध्ये २ वर्षंच होती). नोंदणीकृत डॉक्टरला वैद्यकीय प्रक्रिया करताना झालेल्या हयगयीसाठी २ वर्षांची कमी मर्यादा ठेवली आहे, ती सवलत देवरुष्याला नाही. माणूस मरू शकतो हे माहीत असूनही अडवलं असं सिद्ध झालं तर सदोष मनुष्यवध, कलम १०५. पैसे उकळले असतील तर फसवणूक, कलम ३१८. पत्रकं, रिक्षावरचे बोर्ड, मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ यांतून मंत्रानं कॅन्सर किंवा मधुमेह बरा करतो म्हणून जाहिरात केली तर १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे, पण तो जाहिरातीला लागतो, परातीतल्या पाण्याला नाही. इंजेक्शन किंवा औषध देऊन डॉक्टरकी केली तर विनानोंदणी व्यवसायाचा गुन्हा वेगळाच.

आरोपीकडून दोन बचाव हमखास येतात. पहिला, मी भल्यासाठीच केलं, त्यांनी स्वतः येऊन पाया पडून विनवलं. कायद्यात सद्भावनेनं आणि संमतीनं केलेल्या कृत्याला संरक्षण आहे खरं, पण योग्य ती काळजी न घेता केलेलं काहीही सद्भावनेनं केलेलं धरत नाहीत. १८८७ मध्येच कलकत्ता हायकोर्टात सुकारू कविराज नावाच्या खटल्यात हे ठरलं, कविराजानं साध्या सुरीनं मूळव्याधीचं ऑपरेशन केलं, रोगी रक्तस्रावानं मेला, कविराजाला पूर्वीचा अनुभव होता आणि रोग्याची संमतीही होती तरी शिक्षा झाली. शिवाय गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला तो गैरसमज माहीत असताना, संमतीच धरली जात नाही.

दुसरा बचाव जड असतो : तो तसाही मेला असता, मारलं सापानं, मी नाही. सुप्रीम कोर्टानं १९६५ च्या कुर्बान हुसेन रंगवाला खटल्यात, जो महाराष्ट्रातलाच होता, म्हटलं की हयगय हे मृत्यूचं थेट आणि निकटचं कारण असलं पाहिजे, नुसता लांबून संबंध पुरत नाही. म्हणून वेळेचा हिशोब लागतो, किती वाजता चावला, कधी देवरुष्याकडं नेला, तेव्हा बोलत होता का, चालत होता का, दवाखाना किती किलोमीटरवर होता, आणि त्या वेळी लस मिळाली असती तर वाचला असता असं डॉक्टर शपथेवर म्हणतोय का. २०१३ च्या कायद्याचं बळ इथं कळतं, कारण तिथं मृत्यूचं कारण सिद्ध करायची भानगडच नाही, अडवलं आणि त्याऐवजी मंत्र केले एवढं पुरतं.

घरच्यांची जबाबदारी

सज्ञान, शुद्धीवर असलेला माणूस स्वतः उपचार नको म्हणू शकतो, तो अधिकार कोर्टांनी मान्य केला आहे. त्याला कुणी धमकावून, भीती घालून अडवलं नसेल तर त्याच्या बायको-मुलांना गुन्हेगार ठरवता येत नाही. बेशुद्ध माणसाच्या बाबतीत चित्र बदलतं.

लेकरांचं मात्र पूर्ण वेगळं आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५ : ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणात मूल आहे त्यानं जाणूनबुजून हेळसांड केली आणि त्यामुळं मुलाला विनाकारण शारीरिक-मानसिक त्रास होण्यासारखी स्थिती आली तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, मूल अपंग झालं किंवा जीवाला धोका झाला तर ३ ते १० वर्षं सक्तमजुरी. ताबा किंवा नियंत्रण हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकत्र कुटुंबात सून कळवळून म्हणत असते की पोराला दवाखान्यात नेऊया आणि निर्णय मात्र आज्जीचा किंवा थोरल्या दिरांचा असतो, गाडीची किल्ली आणि पैसे त्यांच्याकडं असतात. अशा वेळी पहिला संशय आईवर घेणं चूक आहे, कायद्याचा हात खरं नियंत्रण ज्याच्याकडं होतं त्याच्यापर्यंत पोचू शकतो आणि तपास अधिकाऱ्यानं तो पोचवला पाहिजे. मूल अजून जिवंत असेल तर १०९८ ला फोन करता येतो, बाल कल्याण समिती मुलाला दवाखान्यात हलवायचा आदेश देऊ शकते. मेळघाटात पोट फुगलं म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं डंबा, म्हणजे चटके, देतात, तिथंही बाळ कुणाच्या ताब्यात होतं हे बघावं लागतं.

मनोरुग्णांबद्दल : तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा दर्ग्याजवळच्या आश्रयगृहात साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण जळून गेले. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी घातली, जागा देवस्थानची असो नाहीतर घराचा गोठा असो.

धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न

संविधानातलं कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं पण पहिल्याच ओळीत सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून देतं. बाहेर हाच वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६८ ला वॅगस्टाफ नावाच्या आईबापांनी मूल प्रार्थनेवर ठेवलं, मूल गेलं, श्रद्धा प्रामाणिक म्हणून ते सुटले, तर त्याच वर्षी संसदेनं पालकांनी वैद्यकीय मदत न देणं हा गुन्हा केला आणि १८९९ मध्ये तशाच दुसऱ्या बापाला शिक्षा झाली. अमेरिकेत काही राज्यांनी प्रार्थनेवर विसंबणाऱ्या पालकांना सूट दिली होती, ओरेगॉननं ती २०११ मध्ये काढून टाकली, आयडाहोत अजून आहे.

तक्रार आणि पुरावा

गुन्हा दखलपात्र असल्यानं जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते, कायद्यात दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायची तरतूद आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते फिर्याद लिहायला मदत करतात. निपाणी-संकेश्वरकडं उतरवून घ्यायला जाणारे कागल-गडहिंग्लजचे लोक भरपूर आहेत, तिथं कर्नाटकचा २०१७ चा तसाच कायदा आहे, त्यामुळं सीमा ओलांडली म्हणून देवरुषी सुटत नाही, फक्त फिर्याद कुठल्या ठाण्यात हा घोळ होतो. तो सोडवायला शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून घ्यायची सोय आहे, कुठलंही ठाणं फिर्याद घ्यायला बांधील आहे.

खटले पडतात ते बहुतेक दोन कारणांनी. साक्षीदार त्याच गावचे, त्याच भावकीतले असतात आणि कोर्टात फिरतात. आणि पोस्टमॉर्टेम झालेलं नसतं, कारण घरचे म्हणतात गेला तो गेला, आता कशाला चिरफाड, आणि रातोरात माती होते. यात घराचं दुहेरी नुकसान होतं. शेतकरी अपघात विम्याच्या जागी आलेल्या गोपीनाथ मुंडे सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंशानं झालेल्या मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी सरकारी कागद लागतात, आणि देवळात रात्रभर बसवलेल्या माणसाचा केसपेपरच तयार झालेला नसतो.