एक्सेल मेलंय की कामात आहे?

नौपाड्यातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात महिन्याच्या १८-१९ तारखेला डोकावून बघा. जीएसटीचं थ्री-बी, म्हणजे दर महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख २०, आणि कुणाच्या ना कुणाच्या स्क्रीनवर एक्सेल पांढरंफटक पडलेलं, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'ची पाटी. मग मागून हमखास आवाज येतो, अरे एंड टास्क मार ना, जबरदस्तीने बंद कर! माझं म्हणणं एवढंच की मारायच्या आधी जरा बघा तरी ते मेलंय का, कारण ती पाटी एक्सेल लावत नाही, विंडोज लावतं, आणि तेही अंदाजाने.

होतं काय, तुम्ही क्लिक केलं किंवा की दाबली की विंडोज ते एका रांगेत टाकतं आणि एक्सेलचा मुख्य थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत एका वेळी एकच काम करणारा गडी, त्या रांगेतून एकेक मेसेज उचलून कामाला लावतो. स्क्रीन रंगवायचं कामही त्याच्याचकडे. ठाणे स्टेशनच्या तिकीट खिडकीवरचा माणूस सुट्टे आणायला आत गेला की रांग जागच्या जागी थांबते ना, तसं हा थ्रेड एखाद्या मोठ्या कामात घुसला की तुमचे क्लिक नुसते साठत राहतात. ५ सेकंद रांगेतून काहीच उचललं गेलं नाही की विंडोज त्याला हँग धरतं आणि खऱ्या खिडकीच्या जागी तिची नक्कल उभी करतं, तिला घोस्ट विंडो म्हणतात. म्हणून ती पांढरी खिडकी सरकते, मिनिमाइज होते, पण आत काही म्हणता काही होत नाही.

आता कुणी म्हणेल एवढं हुशार विंडोज, त्याला धड सांगता येऊ नये की काम चालूय का कायमचं अडकलंय? नाही येत, आणि ह्यात मायक्रोसॉफ्टचा आळस नाही. १९३६ साली ॲलन ट्युरिंगने गणितानेच सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्राम दिला तर तो कधीतरी थांबेल की कायम चालत राहील हे दर वेळी अचूक सांगणारी एकच सरसकट पद्धत असूच शकत नाही. त्यामुळे विंडोज बिचारं घड्याळ बघतं, बस.

तुम्ही मात्र घड्याळापेक्षा जास्त बघू शकता. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स टॅब उघडा आणि एक्सेलच्या ओळीत सीपीयूचा आकडा बघा. एका वेळी ८ थ्रेड चालवणाऱ्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण राबत असेल तर तिथे साधारण १२-१३ दिसतं, लोकांना वाटतं १२ टक्के म्हणजे निवांत बसलंय, पण तो एक थ्रेड घामाघूम झालेला असतो. बऱ्याचदा कारण साधं असतं. टू-बी मधली, म्हणजे सप्लायरांनी जीएसटीवर दाखवलेल्या बिलांच्या यादीतली, २०,००० बिलं आपल्या परचेस रजिस्टरच्या २०,००० ओळींशी व्हीलुकअप ह्या शोधायच्या फॉर्म्युल्याने जुळवायची म्हणजे जुन्या एक्सेलमध्ये प्रत्येक बिलासाठी वरून खाली शोध, वाईटात वाईट ४० कोटी तुलना. त्यात इनडायरेक्ट, ऑफसेट, टुडे असले फॉर्म्युले असतील तर शीटमध्ये कुठेही काही बदललं की ते परत मोजले जातात. अशा वेळी चहा प्यायला जा, परत येईपर्यंत ते उठलेलं असेल. आणि पुढच्या वेळी कॅल्क्युलेशन मॅन्युअल करून ठेवा, सगळं भरून झालं की एफ-नाइन.

खरी गंमत आकडा शून्य असतो तेव्हा. शून्य म्हणजे एक्सेल काही करतच नाहीये, कुणाची तरी वाट बघतंय. कुणाची? माझा पहिला संशय प्रिंटरवर असतो, ऐकून लोक हसतात. पण पानाचे मार्जिन, पेज ब्रेक हे सगळं ठरवायला ऑफिसचे प्रोग्राम डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला विचारतात. तुर्भ्याच्या ऑफिसातला लॅपटॉप ऐरोलीला घरी आणला, प्रिंटर राहिला तिकडे नेटवर्कवर, की इथे साधी फाइल उघडायला युगं लागतात. डिटेल्समध्येच एक्सेलवर राइट क्लिक करून 'ॲनलाइझ वेट चेन' बघा, कोण कुणासाठी थांबलंय ते दिसतं, आणि तिथे 'एसपीएलवॉव६४' (splwow64) असलं विचित्र नाव निघालं तर समजा प्रिंटरच. 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डीफॉल्ट करून टाका, फरक तिथल्या तिथे कळेल. दुसरा संशय बंद पडलेल्या सर्व्हरवरच्या फाइलशी जोडलेल्या लिंक्सवर.

क्रॅश हे प्रकरणच वेगळं. तिथे खिडकी गोठत नाही, सरळ गायब होते, बहुतेकदा प्रोग्रामने आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीला हात लावलेला असतो, प्रोसेसर ते पकडतो आणि विंडोज प्रोग्रामला हाकलून देतं. पण हात लावणारा एक्सेलच असतो असं नाही. पीडीएफ बनवणारी, अकाउंटिंगचा डेटा खेचणारी कॉम ॲड-इन्स, म्हणजे बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्राम, एक्सेलच्या पोटातच चालतात, चूक त्यांची आणि मरतं एक्सेल. कंट्रोल दाबून धरून आयकॉन उघडा, सेफ मोड, म्हणजे ॲड-इन्सशिवाय एक्सेल, हवा का विचारेल, हो म्हणा. तिथे सुरळीत चाललं तर बहुधा चोर ॲड-इन्समध्येच, ऑप्शन्समध्ये जाऊन एकेक टिक काढत बघा. त्याआधीच ऑफिस उडवून परत टाकणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याला पैसे देऊ नका, ॲड-इन तेच राहिलं तर क्रॅशही तोच.

फाइलच सुजलेली असेल तर कंट्रोल-एंड दाबा. डेटा ५०० ओळींचा आणि कर्सर जातो १०,४८,५७६ व्या, म्हणजे शीटच्या शेवटच्या ओळीवर, तर बहुधा कुणीतरी डेटाखालचे सेल पार तळापर्यंत रंगवून ठेवलेत. खालच्या मोकळ्या ओळी डिलीट करून सेव्ह करा.

आणि एंड टास्क करायचीच वेळ आली तर हे माहीत असू द्या की ऑटोरिकव्हर मूळ सेटिंगला १० मिनिटांनी एकदा कॉपी ठेवतं, आणि गोठलेलं एक्सेल तेवढा वेळ तेही करत नाही. ऑप्शन्समध्ये सेव्हखाली तो आकडा बदलता येतो, रिटर्नच्या दिवसांत मी तो २ करतो.