मॉरवेनस्टो

मॉरवेनस्टो : इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्याच्या उत्तर टोकाशी, अटलांटिक महासागराच्या उंच कड्यांवर असलेले खेडे व पॅरिश (एका चर्चच्या कारभाराखालील प्रदेश). येथे सलग वस्तीचे गाव नाही. विखुरलेल्या वाड्यावस्त्या व शेते चर्चमुळे एकमेकांशी जोडली गेली, एवढाच त्याचा गावपणा. ‘स्टो’ हा जुन्या इंग्रजीतील पवित्र स्थानाचा वाचक शब्द असून ‘मॉरवेनस्टो’ म्हणजे संत मॉरवेनाचे पवित्र स्थान होय. ही मॉरवेना कोण, हे मात्र अनिश्चित असून ती वेल्समधील ब्रिकन राजाची कन्या होती, ही कथा इतिहासापेक्षा संतचरित्रपरंपरेत मोडते. चर्चमधील कोरीव कमानी नॉर्मन शैलीच्या आहेत.

व्हिक्टोरियन काळात हे पॅरिश प्रसिद्धीस आले ते कवी व धर्मगुरू रॉबर्ट स्टीफन हॉकर (१८०३–७५) याच्यामुळे. १८३४ मध्ये त्याची व्हिकर (पॅरिशचा धर्मगुरू) म्हणून नेमणूक झाली व मृत्यूपर्यंत ती टिकली. त्याने धर्मगुरूचे निवासस्थान व शाळा बांधली.

चर्चमधील सुगीच्या कृतज्ञता-उपासनेचा उगम बहुधा येथेच मानला जातो. १८४३ मध्ये हॉकरने पॅरिशवासीयांना आवाहन केले आणि १ ऑक्टोबर, रविवारी, नव्या धान्याच्या पावाने प्रभुभोजनाचा विधी केला. नवान्न देवास अर्पण करण्याची कल्पना त्याची स्वतःची नव्हे. १ ऑगस्टच्या लॅमस सणाला नव्या गव्हाचा पाव चर्चमध्ये आणण्याची रीत मध्ययुगापासून होती आणि मळ्यांवर पीक आत आल्यावर मालक मजुरांना मेजवानी देई. काही अभ्यासक सॉमरसेट परगण्यातील ईस्ट ब्रेंट येथे धर्मगुरू जॉर्ज डेनिसन याने १८५० नंतरच्या दशकात भरवलेल्या सुगीच्या उत्सवाला अधिक महत्त्व देतात. तेथे उपासनेला सामुदायिक भोजनाची जोड होती आणि पुढे रूढ झालेल्या उत्सवाशी त्याचे साम्य जास्त दिसते. कालक्रमाने मॉरवेनस्टोचा मान अबाधित राहतो. प्रसाराचे श्रेय मात्र एकट्या हॉकरला देणे कठीण आहे. १८६२ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या कँटरबरी प्रांताच्या धर्मसभेने या उपासनेचा नमुना काढला, तेव्हा ती अनेक पॅरिशांत आधीच रुजली होती.

किनारा जहाजांना घातक होता. बुडालेल्या खलाशांची प्रेते शोधून त्यांना चर्चच्या आवारात विधिपूर्वक मूठमाती देण्याचे काम हॉकरने निष्ठेने केले, आणि त्याच्या कार्याचा हा भाग सर्वांत आदरणीय आहे. सप्टेंबर १८४२ मध्ये फुटलेल्या ‘कॅलेडोनिया’ जहाजाची नाळेवरील (पुढच्या टोकावरील) लाकडी मूर्ती खलाशांच्या थडग्यावर उभारली होती. मूळ मूर्ती आता चर्चमध्ये असून आवारात तिची प्रतिकृती आहे.