दयेवर विसंबणं आणि दया गृहीत धरणं

देवाविषयी दोघंही जवळपास सारखंच बोलतात. तो दयाळू आहे, मंदक्रोध आहे, क्षमा करतो. दोघांनाही रात्री शांत झोप लागते. पण एक जण देवाच्या दयेवर विसंबलेला असतो आणि दुसऱ्याने ती गृहीत धरलेली असते. बाहेरून हा फरक दिसत नाही. ज्याचं त्यालाही तो पुष्कळदा कळत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

पापाची कबुली देताना हा फरक शब्दांत सापडेल असं वाटतं, पण तिथेही तो सापडत नाही. बायबलमधले शौल आणि दावीद, दोन्ही राजे चूक उघडी पडल्यावर म्हणतात की मी पाप केलं आहे. फरक आहे तो त्या वाक्याच्या आगेमागे. शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचं काहीही राखू नको, अशी देवाची आज्ञा असताना शौलाने चांगली चांगली गुरंमेंढरं राखली. शमुवेल संदेष्ट्याने विचारलं, मग हे मेंढरांचं ओरडणं आणि गुरांचं हंबरणं माझ्या कानांवर येतंय ते काय? शौल म्हणाला, लोकांनी ती राखली, आणि तीही देवाला यज्ञ करण्यासाठी. अखेर त्याने पाप कबूल केलं, पण लगेच मागणी केली की वडीलजनांसमोर माझा मान राख. दावीदाने नाथान संदेष्ट्यासमोर अशी कुठलीच अट घातली नाही. मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे, एवढं बोलून तो थांबला.

दावीद मात्र आधीपासूनच असा जागा होता असं समजू नये. आपला सैनिक उरीया याला मारवून त्याची बायको बथशेबा हिला घरी आणलं, मूल जन्मलं, तोवर कित्येक महिने उलटले होते. राज्यकारभार नीट चालला होता. मग नाथानाने गरिबाची एकुलती कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली आणि दावीद संतापला, तो माणूस मरणास पात्र आहे म्हणाला. सुस्तीची याहून खात्रीची खूण मला माहीत नाही. न्यायबुद्धी अगदी शाबूत असते, दुसऱ्याच्या पापावर बरोबर बोट ठेवते, फक्त आपल्या घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबते.

असं का होतं? माझ्या मते, आपण वेळेचा अर्थ चुकीचा लावतो. चूक केली आणि काहीच झालं नाही, की देवाने ती सोडून दिली असं वाटू लागतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायातल्या अंजिराच्या झाडाला 3 वर्षं फळ नव्हतं. मालक तोडायला निघाला, तेव्हा माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतलं. या वर्षात तो झाडाभोवती खणणार होता, खत घालणार होता. झाड त्या वर्षाला निर्दोष सुटका समजलं, तर सगळंच फसलं. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल हेच विचारतो: देवाची ममता तुला पश्चात्तापाकडे नेण्यासाठी आहे हे तुला ठाऊक नाही का? ज्याला हे उमगलं तो मिळालेल्या वेळात परत फिरतो. दुसरा त्याच वेळात आणखी ऐसपैस बसतो.

लावदिकीया शहरातल्या ख्रिस्ती मंडळीचं तेच झालं होतं. शहर सधन होतं. इ.स. 60 च्या भूकंपात ते पडलं, तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर पुन्हा उभं राहिलं, असं इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. पाणी मात्र बाहेरून नळांतून यायचं. त्या नळांत आतून चुन्याची जाड पुटं धरलेली उत्खननात सापडली आहेत. जवळच्या हेरापलीत गरम झरे होते. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, प्रभू या मंडळीला ‘तू कोमट आहेस’ म्हणतो. कोमट म्हणजे काय, हे त्या लोकांना समजावून सांगावं लागलं नसेल. मला कशाचीच उणीव नाही असं म्हणणाऱ्या या मंडळीलाच प्रकटीकरणात ताकीद मिळते, आणि दारावर ठोठावणारा प्रभू उभा आहे तोही त्यांच्याच. हे वचन आपण सहसा बाहेरच्यांसाठी वापरतो. लिहिलं गेलंय ते आतल्यांना.

हे वाचून ज्यांचं मन आधीच हळवं आहे, रोज रात्री जुन्या चुका मोजत बसतं, त्यांनी स्वतःला आणखी झोडपू नये. क्षमा मिळाली यावर विश्वास ठेवून निश्चिंत होणं म्हणजे गृहीत धरणं नव्हे. तसं निश्चिंत व्हायलाच आपल्याला बोलावलंय.

परत फिरणं म्हणजे मनाला वाईट वाटणंही नव्हे. जुन्या करारात त्यासाठी येणारा हिब्रू शब्द ‘शूव’ हा चालण्यातला शब्द आहे, वळून मागे येणं. जक्कय या जकातदाराने तर येशूपुढे थेट हिशेबच मांडला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट.

माझ्यापुरतं सांगते. थोरल्या भावाशी माझा अबोला होता, जवळजवळ दोन वर्षं. त्या काळात प्रभूच्या प्रार्थनेतली ‘आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले आहे’ ही ओळ मी रोज संध्याकाळी म्हणत होते, न अडखळता. त्याच्यासाठी लिहिलेला संदेश फोनमध्ये तसाच पडून होता. एका संध्याकाळी त्या ओळीवर जीभ अडली. प्रार्थना तशीच अर्धी सोडली आणि त्याला फोन लावला. संदेश पाठवला असता तर माझी बाजू मांडता आली असती. फोनवर फक्त ‘दादा, चुकलं माझं’ एवढंच बोलता आलं.