जलसंजीवनीत साखर कशासाठी?

नवतपा लागला की नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्यांसाठी घरोघरी जलसंजीवनी कालवली जाते. त्यातली साखर ताकदीसाठी, असा सर्वसाधारण समज. तिचं मुख्य काम वेगळंच आहे : मिठाला आतड्याच्या पेशीत नेणं.

पेशीबाहेर लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, असतं, आत जेमतेम १२ ते १५. पोटॅशियमचं उलट. ही तफावत आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणातला एक पंप एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून सोडियमचे ३ आयन (विद्युतभारित कण) बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना तो शोधला. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आतड्याच्या पेशीत हा पंप रक्ताकडच्या बाजूला असतो. अन्नाकडच्या बाजूला एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन असतं. ते सोडियमचे २ आयन आणि ग्लुकोज या साध्या साखरेचा १ रेणू जोडीनंच आत घेतं. स्वतः एटीपी वापरत नाही. मोटरनं टाकीत चढवलेलं पाणी नळाला आपसूक येतं, तसं पंपानं आधीच केलेल्या खर्चावर ते चालतं. मीठ आणि ग्लुकोज आत गेले की मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्याचं विष आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावतं, पण ही वाट मात्र शाबूत राहते. म्हणूनच साध्या पुडीनं असंख्य जीव वाचले.

आता प्रमाण. सध्याच्या प्रमाणित पुडीच्या द्रावणात लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल असतं. लिटरभराची पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर द्रावण रक्तापेक्षा घट्ट होतं, उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. लहान मुलाच्या रक्तात सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. बाटलीबंद शीतपेयातही साखर भरमसाट आणि मीठ नावापुरतं, त्यामुळे ती इथे उपयोगाची नाहीत. काही पुड्या २०० मिलिलिटरच्याही असतात, तेव्हा पाकीट वाचूनच पाणी मोजा.

पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. यात पोटॅशियम नसतं, एवढी उणीव राहते. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पाजा. मूल सुस्तावलं, पिईनासं झालं किंवा शौचातून रक्त गेलं, तर थेट दवाखाना गाठा. कालवलेलं द्रावण उकळू नका आणि २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्या.