पिण्याची गाणी आणि ज्याचा त्याचा जमाना
रॉकमधल्या पिण्याच्या गाण्यांचा विषय निघाला की प्रत्येकजण आपल्या कॉलेजच्या काळातलं एखादं गाणं पुढे करतो आणि वर ठासून सांगतो की ओरिजिनल हेच. बहुतेक वेळा ते नसतंच.

मुळात चार माणसं जमवून ग्लास हातात घेऊन कोरस ओढणं हे गिटारच्या ॲम्प्लिफायरपेक्षा कितीतरी जुनं. १८व्या शतकात लंडनमध्ये ॲनाक्रिऑन्टिक सोसायटी नावाचा हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा क्लब होता, त्यांच्या क्लबगीतात मदिरा आणि प्रेमाची तारीफ, आणि त्याच चालीवर फ्रान्सिस स्कॉट की यांची १८१४ची कविता बसवली गेली, जी १९३१मध्ये अमेरिकेचं अधिकृत राष्ट्रगीत झाली! छाती फुगवून गातात ती चाल मैफिलीतल्या पिणाऱ्यांची.

रॉकचा थेट धागा मात्र काळ्या कलाकारांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजचा. अमेरिकेतली दारूबंदी १९३३मध्ये उठली, बार उघडले, तिथे ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेट्या, आल्या आणि बारमध्ये वाजायला बारचीच गाणी हवी होती. १९४९मध्ये स्टिक मॅकगीचं वाइनवरचं गाणं गाजलं, अटलांटिक रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी तेव्हा नवीन होती, तिचं हे पहिलं मोठं हिट. मॅकगीने ते सैन्यात असताना उचललेलं, मूळ शब्द इतके चावट की रेकॉर्डसाठी सगळे धुऊन घ्यावे लागले. स्कॉच, बर्बन, बिअर मागणारं गाणं १९५३मध्ये एमॉस मिलबर्नने गायलं, मग १९६६मध्ये जॉन ली हूकरने, आणि १९७७मध्ये जॉर्ज थॉरोगुडने त्याला थकलेल्या घरभाड्याची कहाणी जोडून आठ मिनिटांच्या वर ताणलं. मला विचाराल तर हूकरच.

पण सगळ्यात मजेदार केस ‘व्हिस्की इन द जार’ची. हे जुनं आयरिश लोकगीत, गोष्ट एका वाटमाऱ्याची, तो कॅप्टनला लुटतो आणि वाटमाऱ्याची स्वतःची बाईच त्याला दगा देते, व्हिस्की फक्त ध्रुवपदात. १९६७मध्ये डब्लिनर्स या आयरिश लोकसंगीताच्या बँडने ते बँजो वगैरे घेऊन खास पबवाल्या ढंगात केलं. मग थिन लिझी हा आयरिश रॉक बँड प्रॅक्टिसमध्ये टाइमपास म्हणून ते वाजवत होता, रेकॉर्ड केलं तेही बी साइडसाठी, म्हणजे तबकडीच्या मागच्या, दुय्यम बाजूसाठी, पण रेकॉर्ड कंपनीने तेच ए साइडला, म्हणजे मुख्य बाजूला टाकलं आणि १९७३मध्ये ब्रिटनच्या चार्टवर सहाव्या नंबरपर्यंत गेलं. थिन लिझीच्या एरिक बेलची ती सुरुवातीची गिटार ऐकली की कंपनीचं बरोबरच होतं म्हणावं लागतं. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडने १९९८मध्ये लोकगीत नाही, थिन लिझीचं व्हर्जन उचललं आणि २०००मध्ये ग्रॅमी घेतलं. म्हणून एकाच गाण्यावरून आजोबा, बाप आणि पोरगा भांडू शकतात.

याचा अभ्यासही झालाय, १९८९मध्ये होलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना जुन्या-नव्या काळातली गाणी ऐकवली, तर आवड सर्वात जास्त निघाली ती स्वतःच्या साधारण साडेतेविसाव्या वर्षी हिट असलेल्या गाण्यांची.

त्या हिशोबाने नव्वदच्या दशकात तरुण असलेल्यांच्या वाट्याला १९९७चं चुंबावांबा या ब्रिटिश बँडचं ‘टबथंपिंग’ आलं, व्हिस्की, व्होडका, लागर, सायडर सगळं एका दमात. गाणारे लीड्सचे अराजकवादी, हे नाचणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत होतं देव जाणे. १९९८च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या संगीत पुरस्कार सोहळ्यात, त्यांच्यातल्याच एकाने तेव्हाचे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्या अंगावर चक्क पाणी ओतलं. पाणीच, बरं का.